पन्नाशीच्या उंबरठ्यावर : स्त्रीचें शरीर आणि तिचें रूप

आजच्या विषयावर माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरानें कां बोलावें, अशी शंका आपल्यापैकीं पुष्कळांना येईल. मी वैद्य नाहीं, डॉक्टर नाहीं. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि पस्तीस वर्षें लहान मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकवलें, एवढीच माझी विद्या. स्त्रीची पाळी जाण्याचा जो काळ, ज्याला ग्रंथांतून रजोनिवृत्ति म्हणतात, त्याविषयीं बोलण्याचा माझा अधिकार इतकाच, कीं या बाबतींत माझ्या हातून एक चूक घडली आणि तिची किंमत दुसऱ्या माणसाला द्यावी लागली. तें दुसरें माणूस म्हणजे आमची मंडळी. हें भाषण लिहून झाल्यावर मीं प्रथम त्यांना वाचून दाखवलें. "सांगा खुशाल," त्या म्हणाल्या, "फक्त माझें नांव तेवढें घेऊं नका." तेव्हां त्यांच्या परवानगीनेंच हें सांगत आहें.

आम्ही मोरिवलीस राहतों. एका बाजूस कारखान्यांची वसाहत आणि दुसऱ्या बाजूस जुन्या गांवाचीं घरें, अशा जागीं आमचें बिऱ्हाड आहे. मुंबईच्या मानानें अंबरनाथ-बदलापूरकडे थंडी अंमळ जास्तच पडते. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं, आमच्या मंडळींना सत्तेचाळिसावें लागलें असतां, पौषाच्या थंडींत रात्रीं दोन वाजतां त्या उठत आणि पंखा लावीत. मी कुडकुडत उठें व तो बंद करीं. अर्ध्या तासानें पुन्हां पंखा सुरू! असे दोन हिवाळे गेले. मला वाटे, हा निव्वळ हट्ट आहे. त्यांची मान, पाठ, उशीचा अभ्रा घामानें चिंब होत असे, हें मला दिसत होतें. पण दिसणें निराळें आणि पाहणें निराळें.

त्याच सुमारास घरांत एक लग्नकार्य निघालें. आमच्या मंडळींचे केस भांगाजवळ विरळ झाले होते, चेहरा कोरडा पडून ओढल्यासारखा दिसूं लागला होता. त्यांनीं कलपाची एक डबी आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमची एक बाटली आणली. मीं ती पाहिली आणि सुनेच्या देखत बोललों, "या वयांत आतां कोणाला दाखवायचें आहे?" त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. बाटली कपाटांत गेली. लग्नाच्या दिवशीं डोकें दुखण्याचें निमित्त सांगून त्या घरींच राहिल्या. पुढें हळूहळू फिरायला जाणें सुटलें, केसांत फूल माळणें सुटलें, नवें लुगडें नको, भिशीच्या बायकांत जाणें नको. वजन वाढलें. मी म्हणें, बायको संसारांतून मन काढून अध्यात्माकडे वळली! या गैरसमजुतींत मी जवळजवळ दहा वर्षें काढलीं.

त्यानंतर एके दिवशीं ओट्याजवळच्या ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. उंचावरून पडणें नव्हे. उभ्याच्या उभ्या पडल्या, हात टेकला आणि मनगट मोडलें. हाडांच्या डॉक्टरांनीं छायाचित्र पाहून पहिला प्रश्न मला विचारला, "यांची पाळी कोणत्या वर्षीं गेली?" श्रोतेहो, वर्गांतल्या पन्नास मुलांपैकीं कोणाचा कोणत्या महिन्यांत किती दिवस खाडा झाला, हें मी हजेरीपट न उघडतां सांगत असें. तीस वर्षांहून अधिक काळ एका घरांत राहिलेल्या माणसाविषयीं विचारलेल्या त्या प्रश्नाचें उत्तर मात्र मला देतां आलें नाहीं.

तेव्हांपासून मीं वाचावयास व विचारावयास आरंभ केला. जें समजलें तें सांगतों.

ही अवस्था नवी नाहीं आणि हा रोगहि नाहीं. सुश्रुताच्या संहितेंत असें सांगितलें आहे कीं स्त्रीचें आर्तव बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतें आणि पन्नाशीला थांबतें. आज आपल्या देशांतील स्त्रियांच्या बाबतींत हें सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षीं घडतें. पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नाच्या आसपास. लागोपाठ बारा महिने पाळी आली नाहीं म्हणजे ती गेली असें समजावें. पण तिच्या अगोदरचीं तीनचार वर्षेंच पुष्कळदां अधिक त्रासाचीं असतात. कधीं दोन महिने कांहीं नाहीं, तर कधीं पंधरा दिवसांत दोनदां. आमच्या आजीच्या पिढींतल्या बायका पाळी गेली म्हणजे "सुटलें बाई एकदाची" असें म्हणत, आणि त्यांच्या दृष्टीनें तें खरेंहि होतें. दर महिन्याला बाजूस बसणें, लोणच्याच्या बरणीला हात न लावणें, देवघराकडे न फिरकणें, हा सारा जाच त्या दिवसापासून संपे. घरांत त्यांचा शब्द वाढे. एवढी एक गोष्ट त्या काळांत बरी होती, असें मला वाटतें; आज तो जाच पुष्कळ घरांतून गेला आणि त्याबरोबर ती सुटकेची भावनाहि गेली.

शरीरांत काय घडतें? स्त्रीच्या अंडाशयांत इस्ट्रोजेन नांवाचा एक रस तयार होतो व तो रक्तावाटे सर्व अंगभर फिरतो. शाळेंत घंटा देणारा एक शिपाई असतो. त्याच्या एका ठोक्यावर सातहि वर्ग चालतात. तो म्हातारा झाला, कधीं वेळेवर आला, कधीं आलाच नाहीं, म्हणजे एकाच वर्गाची नव्हे, साऱ्या शाळेची घडी विस्कटते. तसेंच येथें होतें. मेंदूंतील उष्णता राखणारें केंद्र बावरतें. अंग किंचित् तापलें तरी तें धोक्याची घंटा वाजवितें आणि छातीपासून चेहऱ्यापर्यंत आगीचा लोळ उठून घाम सुटतो. झोप तुटते. झोप तुटलेलें माणूस चिडतें, आणि आपण म्हणतों, हिचा स्वभाव बिघडला! त्वचेला तुकतुकी देणारें कोलॅजन नांवाचें द्रव्य पहिल्या पांच वर्षांतच सुमारें ३० टक्क्यांनीं घटतें. केस बारीक होतात, हनुवटीवर मात्र चारदोन राठ केस उगवतात. चरबी कमरेवरून पोटावर येते. आणि जें कोणालाच दिसत नाहीं तें हाडांत घडतें : पहिल्या पांचसात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरूं शकते. आरशांत दिसणारा बदल आणि मनगटांत न दिसणारा बदल, दोन्ही एकाच कारणाचीं फळें आहेत. मीं बाटलीची थट्टा केली तेव्हां मला हें ठाऊक असतें, तर मीं ती बाटली एक सूचना म्हणून वाचली असती.

म्हणून माझें म्हणणें असें आहे कीं या वयांतील स्त्रीनें आपल्या रूपाकडे लक्ष देणें हा नखरा नव्हे. जी स्त्री आरशासमोर उभी राहते ती स्वतःच्या शरीराशीं बोलणें चालूं ठेवते. जी आरसा सोडते ती पुढें फिरणें सोडते, डॉक्टर सोडते, जेवणाची वेळ सोडते. निदान आमच्या घरांत हा क्रम असाच झाला.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. त्वचेला या काळांत तेलतुपाची गरज अधिक असते. कढत पाण्यानें स्नान व अंग खरखरीत करणारा साबण, दोन्ही टाळावीं. स्नानानंतर अंग टिपून तें किंचित् ओलें असतांनाच खोबरेल अथवा साधें व्हॅसलिन लावावें. यास फारसा खर्च येत नाहीं. गोरेपणाच्या नांवाखालीं विकल्या जाणाऱ्या, ज्यांवर बनवणाऱ्याचें नांव वा घटकांची यादी नाहीं अशा डब्या मात्र दारांतून आंत येऊं देऊं नयेत. त्यांपैकीं कित्येकांत स्टेरॉइड असतें, त्यानें आधींच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते. कांहींत पारा असतो आणि तो मूत्रपिंडाला घातक ठरतो. कलप लावायचा असल्यास प्रथम कानामागें थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. 'काळी मेंदी' म्हणून जी विकतात ती पुष्कळदां मेंदी नसून रासायनिक रंगच असतो, आणि तो अंगावर उठला म्हणजे डोळे सुजून मिटतात. कलप न लावतां पांढरे केस नीट विंचरून मिरवणें हाहि शोभेचाच प्रकार आहे. तो निर्णय जिचे केस तिचा. केस फारच गळत असतील तर तेलें बदलीत बसण्याऐवजीं रक्तांतील हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासून घ्यावें. जाण्यापूर्वीं पाळी अतोनात जाते, त्यानें रक्त कमी झालेलें असतें, आणि दोष बिचाऱ्या तेलाला मिळतो.

खाण्याविषयीं. या वयांत दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटांत जावयास हवें. ते आपल्या ठाणे जिल्ह्याच्या जुन्या स्वयंपाकांत होतें. १०० ग्रॅम नाचणींत तें ३५० च्या आसपास असतें, तर पांढऱ्याशुभ्र तांदळांत जेमतेम १०. पॉलिश न केलेले तीळ, दूध, दहीं, ताक, आणि ज्यांना चालतें त्यांना कांट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, सुकट, जवळा. आमच्या मोरिवलीच्या आगरी शेजारणीला हें कोणी शिकवावें लागलें नाहीं. आम्हां शिकलेल्यांच्याच घरांतून नाचणी गेली आणि बिस्किटांचे पुडे आले. डाळी-उसळी भरपूर असाव्यात, कारण स्नायू त्यांवर टिकतात. उपवासांविषयीं बोलतांना मला भीति वाटते. श्रद्धेला माझा हात लागूं नये. परंतु आठवड्यांतून दोन दिवस केवळ साबुदाणा व बटाटा खाणें म्हणजे पिष्टावर पिष्ट. त्यांत हाडाला कांहीं नाहीं, मांसाला कांहीं नाहीं. त्या दिवशीं दूध, दहीं, राजगिरा, शेंगदाणे घेतले तर देवाची हरकत असेल असें वाटत नाहीं. आणि सकाळची मशेरी! ती दांत स्वच्छ करण्याचें साधन नसून निव्वळ तंबाखू आहे. ती सुटली तर हिरड्या, तोंड व हृदय तिन्ही वांचतात.

व्यायामाच्या बाबतींत माझी समजूत होती कीं चालणें पुरे. तें पुरे नाहीं. आठवड्याला दीडशे मिनिटें भराभर चालावें, हें खरें. पण हाडांना व स्नायूंना ओझ्याची आठवण द्यावी लागते. पूर्वीं जातें, पाटा, विहिरीचा रहाट होता. ते कष्ट परत यावेत असें मी मुळींच म्हणणार नाहीं. ज्यांनीं ते केले त्यांच्या पाठी मीं पाहिल्या आहेत. तथापि खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां दहा वेळां उठणें-बसणें, भिंतीला हात टेकून ढकलणें, पाण्यानें भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या उचलणें, हें आठवड्यांतून दोनतीन वेळां कोणत्याहि स्वयंपाकघरांत होऊं शकतें. एका पायावर क्षणभर उभें राहण्याचा सराव तोल सांभाळतो. ज्यांचें हाड आधींच ठिसूळ झालें आहे त्यांनीं मात्र डॉक्टरांना विचारून आरंभ करावा.

आणखी एक गोष्ट आहे जिच्याविषयीं बायका बायकांशींहि बोलत नाहींत. खोकतांना, हसतांना लघवीचे थेंब आवरत नाहींत. जागा कोरडी पडून आग होते. वरचेवर जंतुसंसर्ग होतो. बदलापूरहून मुंबईस नोकरीला जाणाऱ्या कित्येक भगिनी या एका भीतीनें सकाळपासून पाणीच पीत नाहींत, आणि त्यानें त्रास वाढतो. यावर उपाय आहेत. लघवी मध्येंच रोखतांना जे स्नायू आवळले जातात तेच, एरव्हीं बसल्या जागीं, दहा दहा वेळां आवळून सैल करण्याचा व्यायाम आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ लावायचें मलम देतात. हा वयाचा भोग म्हणून सोसण्याचें कारण नाहीं. पतिपत्नींच्या सहवासांत जी वेदना होते तिचेंहि मूळ पुष्कळदां याच कोरडेपणांत असतें. नवऱ्यानें त्याचा अर्थ 'प्रेम आटलें' असा लावूं नये.

औषधाबद्दल दोन शब्द. इस्ट्रोजेन बाहेरून देण्याची एक पद्धति आहे. २००२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या चाचणीनें तिच्याविषयीं जगभर धास्ती पसरली. कर्करोग व हृदयविकार वाढतो, असें वाचून बायकांनीं गोळ्या टाकून दिल्या. पुढें तोच हिशोब पुन्हां तपासला असतां लक्षांत आलें कीं त्या चाचणींतील स्त्रियांचें सरासरी वय त्रेसष्ट होतें. साठीच्या आंतील, पाळी जाऊन दहा वर्षें न झालेल्या निरोगी स्त्रीला, त्रास फार असल्यास, या औषधाचा लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो, असें आतां तज्ज्ञ मानतात. ज्यांना स्तनाचा कर्करोग झाला आहे, रक्ताच्या गुठळ्या झाल्या आहेत, त्यांच्यासाठीं तें नव्हे. हा निर्णय शेजारणीच्या सल्ल्यानें घेण्याचा नाहीं आणि शेजारणीच्या भीतीनें टाकण्याचाहि नाहीं. एक गोष्ट मात्र प्रत्येक घरानें लक्षांत ठेवावी : पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हां रक्ताचा डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जावें. "पाळी परत आली" म्हणून आनंद मानूं नये.

आतांपर्यंत मी वयानें येणाऱ्या निवृत्तीविषयीं बोललों. आपल्याच महाराष्ट्रांत ती शस्त्रानें आणली गेल्याचें उदाहरण आहे, आणि तें ऐकल्यापासून मला स्वस्थता नाहीं. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचीं गर्भाशयें मोठ्या संख्येनें काढलीं जात असल्याचें २०१९ सालीं उघडकीस आलें. सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांत कित्येकजणी तिशी-पस्तिशीच्या. फडावर एक दिवस खाडा झाला कीं मुकादम पैसे कापतो. पाळीचे दिवस म्हणजे खाडा. मग पिशवीच काढून टाका! खाडा हा शब्द मीं आयुष्यभर हजेरीपटांत लिहिला. त्याला असाहि अर्थ असेल असें वाटलें नव्हतें. गर्भाशयाबरोबर अंडाशयहि काढले तर तिसाव्या वर्षीं एका रात्रींत पन्नाशी येते. अंडाशय ठेवले तरी ते कांहीं वर्षें अगोदर थकण्याचा संभव असतो. त्या स्त्रियांचीं हाडें, त्यांची झोप, त्यांचा चेहरा, यांचा हिशोब कोण ठेवणार? आपल्या शहरी घरांतूनहि "आतां मुलें झालीं, कटकट कशाला, काढून टाका" हा सल्ला सहज दिला जातो. खरें कारण असेल तर शस्त्रक्रिया अवश्य करावी. परंतु दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतल्यावांचून आणि अंडाशय ठेवणार कीं काढणार हें विचारल्यावांचून सही करूं नये.

हें सारें पुरुषानें बोलावें काय? रघुनाथ धोंडो कर्व्यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून अशाच विषयांवर उघड लिहिलें; त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, तरी १९५३ पर्यंत त्यांनीं तें चालविलें. त्यांच्या धैर्याचा शतांशहि माझ्यांत नाहीं. मला फक्त घरांतल्या घरांत बोलावयाचें होतें, आणि तेवढेंहि मीं केलें नाहीं. पुरुषांना माझी विनंती मोठी नाहीं. पंखा चालूं राहूं द्या, आपण दुसरें पांघरूण घ्या. घरखर्चाच्या वहींत मुलांच्या शिकवणीप्रमाणें तिच्या तपासणीची एक ओळ ठेवा : रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, स्तनांची तपासणी, हाडांची घनता. आणि ती नवें लुगडें नेसून दारांत उभी राहिली तर वर्तमानपत्रांतून डोकें वर काढा.

आमच्या मंडळींचें मनगट जुळलें. तें थोडें वाकडें राहिलें आहे, आणि पोळी लाटतांना अजून दुखतें. हाडांच्या औषधांबरोबर त्यांनीं फिरणें पुन्हां सुरू केलें. पहिले कांहीं दिवस मी बरोबर जात होतों. पुढें त्यांना चारपांच मैत्रिणी भेटल्या आणि माझी गरज उरली नाहीं. आमच्या घरांतला आरसा मीं माझ्या दाढीच्या सोयीनें उंच टांगला होता. त्यांना त्यांत भांग दिसावयाचा तर टांचा उंचवाव्या लागत, हेंहि मला त्या अपघातानंतरच कळलें. सुतार बोलावून तो वीतभर खालीं घेतला. मी आतां जरा वाकून दाढी करतों. कलप त्यांनीं लावला नाहीं, क्रीमची नवी बाटली मात्र आणली; तीहि स्वतः जाऊन, मला न विचारतां. हाडांची पुढची तपासणी मार्गशीर्षांत आहे. तारीख मीं माझ्या टांचणवहींत लिहून ठेवली आहे.